‘अल्टरनेटर गेला’ म्हणतील, आधी मीटर लाव

“दोन वर्षांत दोन बॅटऱ्या घातल्यात, एकदम नवी आहे,” असं तुझ्या गाडीचा आधीचा मालक कौतुकाने सांगत होता, तेव्हाच माझे कान टवकारले. बरी बॅटरी आपल्याकडच्या उन्हातही तीन-चार वर्षं काढते. ती वर्षाकाठी मरत असेल तर तिला मारणारा दुसराच कुणी आहे, आणि पहिला संशय अल्टरनेटरवर जातो. संशय म्हणतोय मी, गुन्हा शाबीत नाही. कराडच्या स्टँडमागे इतकी वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवलं. “अल्टरनेटर गेलाय, बदलून टाका” असा निकाल लागून आलेल्या कितीतरी गाड्या नुसतं टर्मिनल घासून आणि अर्थिंगची पट्टी बदलून परत पाठवल्या. म्हणून तुला सांगायचं ते एवढंच, पोरी: आधी मीटर, मग पाना. बाकीचं याच्याच पोटातलं.

गाडी चालू असताना दिवे, वायपर, ब्लोअर, पेट्रोलचा पंप, सगळं अल्टरनेटरच्या जिवावर चालतं. बॅटरीचं खरं काम सेल्फ मारण्यापुरतं. संसारात महिन्याची मिळकत असते आणि डब्यात बांधून ठेवलेली पुरचुंडी असते. अल्टरनेटर ही मिळकत, बॅटरी ही पुरचुंडी. मिळकत थांबली तरी घर दोन दिवस चालतं, आणि नेमकं त्यामुळेच कुणाच्या लवकर लक्षात येत नाही.

आत काय असतं तेही ऐकून ठेव, म्हणजे गॅरेजात कुणी शब्दांनी दबवणार नाही. मधे फिरतो तो रोटर. त्याच्या कॉइलला दोन कार्बन ब्रशमधून थोडासा, दोन-चार अँपिअर करंट मिळतो आणि त्याचं चुंबक होतं. ते चुंबक फिरलं की भोवतीच्या स्टेटरच्या तारांत वीज तयार होते. ती असते एसी. बॅटरीला ती चालत नाही, म्हणून डायोड प्लेट तिची डीसी करते. आणि किती वीज तयार व्हावी यावर लक्ष ठेवतो रेग्युलेटर. जुने मिस्त्री त्याला अजून ‘कटआउट’च म्हणतात. ते नाव डायनॅमोच्या काळातलं. तेव्हाच्या अँबॅसिडर आणि फियाटना डायनॅमो असायचा, त्यात सगळा जड करंट फिरत्या भागातून ब्रशवाटे बाहेर काढावा लागे. इंजिन आयडलला आलं की त्याचं चार्जिंग जवळपास बंदच, सिग्नलला हेडलाइट पिवळे पडायचे. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि चित्र पालटलं. अमेरिकेत क्रायसलरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर सरसकट द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती तो घेऊनच. त्यात जड करंट न फिरणाऱ्या स्टेटरमधून निघतो आणि ब्रशवर भार नाममात्र. म्हणूनच ते इवलेसे कार्बन लाख-दीड लाख किलोमीटर टिकतात.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर घे, फार महागाचा नको. डीसी २० व्होल्टवर ठेव. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. पहिलं रीडिंग सकाळी, किल्ली लावायच्या आधी. रात्रभर उभ्या असलेल्या चांगल्या बॅटरीला १२.६ च्या आसपास यायला हवेत. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आज-उद्या दगा. गाडी बंद केल्या केल्या मोजू नकोस, तेव्हा आकडा फुगलेला असतो.

दुसरं रीडिंग गाडी चालू करून, सगळं बंद ठेवून: १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. तिसरं सर्वांत महत्त्वाचं, आणि तेच कुणी घेत नाही. हेडलाइट, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा डिफॉगर, सगळं लाव, कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबून दोनेक हजार आरपीएमवर धरायला सांग आणि मग बघ. साडेतेराच्या वर राहिलं तर अल्टरनेटर धडधाकट. रिकाम्या गाडीला १४ दाखवतो आणि भार टाकल्यावर १२.५ वर येतो, असा अल्टरनेटर आजारी असतो किंवा त्याच्यापासून बॅटरीपर्यंतची वाट खराब असते. सहातला एखादा डायोड गेलेला असला तरी रिकाम्या रीडिंगला तो पकडला जात नाही. मीटर एसीवर करून बॅटरीला लावलास आणि अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं, तर डायोडवर बोट ठेवायला हरकत नाही.

उलटंही होतं. १५ च्या वर आकडा गेला तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय. बॉनेट उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास येतो, पाणी सारखं कमी होतं, बल्ब पटापट उडतात. तुझ्या गाडीच्या दोन बॅटऱ्यांचं मरण एक तर या अतीमुळे, नाही तर सततच्या अर्धपोटी राहण्यामुळे. तीन रीडिंगमध्ये कुठलं ते कळेल.

एक इशारा मात्र देतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंगचा हुकूम ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर देतो. मायलेज वाचवायला तो कधी १२.८ वर आणतो, ब्रेक दाबताना १५ च्या जवळ चढवतो. २०१५ च्या सियाझपासून मारुतीने एसएचव्हीएस आणलं, त्यात तर अल्टरनेटरच्या जागी बसलेलं यंत्र जनरेटरही आहे आणि इंजिनला हातभार लावणारी मोटरही. अशा गाडीवर आमच्या जुन्या आकड्यांनी निकाल लावायचा नाही, स्कॅनर लावणाऱ्याकडे जायचं. तुझी गाडी त्या आधीची आहे, तिला हे आकडे चालतात.

डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा तुला माहीत आहे. तो पेटला की घाबरायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू होण्याआधी तो पेटतो का, हे रोज बघायचं असतं. बऱ्याच जुन्या गाड्यांत रोटरला पहिला करंट त्या दिव्यातूनच जातो. बल्ब उडाला तर चार्जिंग सुरूच होत नाही, गाडी चांगली रेस केल्याशिवाय अल्टरनेटर जागा होत नाही, आणि दिवा पेटत नाही म्हणून मालक निर्धास्त. गाडी चालू असताना तो अगदी मंद, अंधारातच कळेल असा जळत राहिला तर डायोडची कुरबुर समज. खड्ड्यात आपटल्यावर लुकलुकला तर कार्बन संपत आलेत किंवा कनेक्शन ढिलं आहे. दिवा विझलेला आहे म्हणजे चार्जिंग पुरेसं आहे, असा अर्थ मात्र कधीच काढू नकोस.

आता अल्टरनेटर फिरवणाऱ्या बेल्टकडे ये. पावसाळ्यात सकाळी गाडी चालू केली की जी शिट्टी वाजते ती बेल्टची. त्याच्यावर साबण चोळणारे, स्प्रे मारणारे भेटतील. आवाज जातो, कारण राहतं. चालू इंजिनच्या बेल्टच्या आतल्या, रेघांच्या बाजूवर लांबून थोडं पाणी शिंपडायला मिस्त्रीला सांग. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत. पाण्याने आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे, घसरतोय. हाताने ताणायचा बेल्ट असेल तर दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण सेंटिमीटरभर दबावा. जास्त आवळू देऊ नकोस. “घट्ट केलाय, आता बघायला नको” म्हणणारा मिस्त्री तुझ्या अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग एका फटक्यात खातो. बेअरिंग जायला लागलं की घुरघुर येते, रेसबरोबर वाढणारी.

हात घालण्याआधी दोन गोष्टी. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं, ओढणी बांधायची, केस वर. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानासुद्धा अचानक फिरायला लागतो. दुसरं, अल्टरनेटरच्या मागचा जाड वायरचा बोल्ट थेट बॅटरीला जोडलेला असतो, किल्ली काढली तरी त्यात करंट असतोच. पाना तिथून बॉडीला टेकला की पाना वितळायची वेळ येते. म्हणून खोलायचं असेल तर बॅटरीचं मायनस आधी काढायचं, आणि लावताना मायनस शेवटी.

मी ज्याच्यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवायचो ते म्हणजे वायर. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरते ती तुला दिसेल. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओत, फेस येऊन धुऊन निघते, कोरडं करून घट्ट बसव आणि वरून पेट्रोलियम जेली लाव. पण न दिसणारी भुकटी अर्थिंगच्या पट्टीत असते. इंजिनपासून बॉडीला एक विणलेली तांब्याची पट्टी जाते, कोकणातल्या गाड्यांत खाऱ्या हवेने ती आतून कुजते, वरून साबूत दिसते. ती पकडायची युक्ती अशी: गाडी चालू, सगळे दिवे चालू, रेस दीड-दोन हजारावर. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं अल्टरनेटरच्या उघड्या धातूला. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक. तसंच एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टला, तिथेही ०.२-०.३ च्या वर जायला नको. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर तेवढा माल वाटेतच गळतोय. अशा गाडीला नवा अल्टरनेटर घातला तरी दुखणं तसंच राहतं. आणि उंदीर विसरू नकोस. अल्टरनेटरच्या छोट्या प्लगला जाणाऱ्या बारीक वायरी त्यांना भारी आवडतात.

आता जे करायचं नाही ते.

चालू गाडीचं टर्मिनल काढून “बघा, गाडी चालू राहते, म्हणजे अल्टरनेटर ओके” असं दाखवणारा कुणी भेटला तर तिथून किल्ली घे आणि नीघ. डायनॅमोच्या काळात हे खपून जायचं. अल्टरनेटरला जोराने चार्जिंग चालू असताना बॅटरी सुटली की रेग्युलेटर सावरेपर्यंतच्या निमिषभरात व्होल्टेज कितीतरी पट उसळतं, आणि डायोड, रेग्युलेटर, ईसीयू यातलं जे नाजूक असेल ते बळी जातं. मीटर शे-पाचशेचा, ईसीयूची किंमत तूच विचारून बघ. याच कारणाने बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडवून घ्यायची.

पार उतरलेली बॅटरी जंप करून चालू केली आणि “हायवेला नेली की होईल चार्ज” म्हणून निघालीस, तर अल्टरनेटर तासभर पूर्ण ताकदीने राबतो आणि तापतो. तो बॅटरी भरलेली ठेवायला असतो, मेलेली उठवायला नव्हे. रात्रभर चार्जरवर लावून मग घाल. जंप करायचीच वेळ आली तर लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडायचीच असेल तर तिथे पडू दे.

खंडेनवमीला गाडीची पूजा कर, झेंडूची माळ घाल, पण आदल्या दिवशी सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुवायला देऊ नकोस. दसरा झाल्यावर आठवडाभर दुकानात ज्या गाड्या यायच्या, त्यांतल्या बऱ्याच अशाच. अल्टरनेटरला हवा खेळायला जाळ्या असतात, पाण्याची धार तिथून थेट कार्बन आणि बेअरिंगपर्यंत जाते. बऱ्याच लहान गाड्यांत तो इंजिनच्या पुढे, खालच्या अंगाला असतो, म्हणून खालचं प्लॅस्टिकचं कव्हर महत्त्वाचं. गॅरेजवाले दोन क्लिपा मोडल्या की ते फेकून देतात. तुझ्या गाडीला आहे का, वाकून बघ. आणि पुराचं पाणी लागलेली गाडी स्वस्तात मिळाली म्हणून कुणी घेत असेल तर सांग त्याला: २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला, त्यानंतर कुंभार्ली चढून आलेल्या गाड्या आम्ही उघडल्या तेव्हा रोटरच्या पाकळ्यांत गाळ घट्ट बसलेला होता. पाणी उतरल्यावर त्या चालू झाल्या होत्या, आणि ग्रीस धुऊन गेलेली बेअरिंगं नंतर एकेक करून बोलायला लागली.

पावसाळ्यात तू त्याच कुंभार्लीने सासरी जाणार, तेव्हा भाराचा हिशेब डोक्यात ठेव. हेडलाइट ५५ चे दोन, म्हणजे ११० वॅट. ब्लोअर जोरात, दीड-दोनशे. मागचा डिफॉगर दीडशेच्या घरात. वायपर, पार्किंगचे दिवे, पेट्रोलचा पंप, इग्निशन, वर रेडिएटरचा पंखा. सगळं मिळून सात-आठशे वॅट, म्हणजे ५०-६० अँपिअर. लहान गाडीचा अल्टरनेटर तेवढाच असतो, तोही जोरात फिरताना. धुक्यात दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे रांगत असताना तो त्याच्या निम्म्याने देतो आणि उरलेलं बॅटरीतून जातं. काच साफ झाली की डिफॉगर बंद कर, उतारावर एक गिअर खाली घे, रेस थोडी वर राहते आणि ब्रेकलाही बरं. १०० वॅटचे हेडलाइट बल्ब आणि बूटमधला भोंगा घालायचा मोह दुकानातच सोडून ये.

घाटात तो लाल दिवा पेटलाच तर पहिली नजर तापमानाच्या काट्यावर. काटा चढत असेल किंवा स्टिअरिंग एकाएकी जड झालं असेल तर बेल्ट तुटलाय. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो, तेव्हा सुरक्षित जागा बघून लगेच थांब, नाही तर इंजिन बसेल. काटा जागेवर असेल तर इंजिन बंद करू नकोस. एसी, ब्लोअर, गाणी, मोबाइलचा चार्जर बंद. नुसती गाडी चालायला पंधरा-वीस अँपिअर लागतात; ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून, ती चांगली असेल तर, दिवसा पाऊण-एक तास मिळतो. रात्री हेडलाइटसकट त्याहून बराच कमी. हेडलाइट बंद करून अंतर वाढवायचा विचारही नको. तेवढ्या वेळात वस्ती गाठायची आणि उजेड असलेल्या जागी उभं राहायचं. जुन्या डिझेल गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांत काहींच्या अल्टरनेटरच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो, बेल्ट गेला की ब्रेकचं पेडल दगड होतं. तुझ्या दिरांची जुनी जीप तसली आहे, त्यांना सांग.

गाडी रात्रभर उभी राहिली आणि सकाळी बॅटरी उतरलेली, पण चार्जिंगचे आकडे ठीक, असं झालं तर किल्ली लावण्याआधी अल्टरनेटरच्या अंगाला हात लावून बघ. आजूबाजूचं इंजिन गार आणि तो कोमट लागला, तर डायोड गळतोय, रात्रभर उलटा करंट जातोय. मीटरही लागत नाही याला.

शेवटचं, दुरुस्तीचं. कार्बन, रेग्युलेटर, बेअरिंग, डायोड प्लेट हे सगळं सुटं मिळतं आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते अर्ध्या दिवसात घालतो. दिवा पेटलेला असताना स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने अल्टरनेटरच्या पाठीवर हलकेच टकटक केल्यावर चार्जिंग परत आलं, तर रोग बहुतेक कार्बनचाच, पूर्ण नवा घ्यायचं कारण नाही. स्टेटर जळला असेल, करपट वास आणि काळवंडलेल्या तारा दिसत असतील, तर मात्र रिवाइंडिंगच्या भानगडीत पडू नकोस. नवा घे, किंवा खात्रीचा रिकंडिशन्ड. घेताना अँपिअर जुन्याइतकाच आहे ना, पुलीच्या रेघा तेवढ्याच आहेत ना, बघ. नवा बसवण्याआधी वरून ऑइल किंवा कूलंट ठिबकत होतं का ते विचार. गळती तशीच ठेवली तर नव्याचे कार्बनही तेलात भिजून बसतील. काढलेले भाग मागून घे. पैसे देण्याआधी तीन रीडिंग तिथेच, तुझ्या मीटरने, आणि बिलाच्या पाठीवर तारखेसकट लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेव.